जड पाण्याच्या घरात नव्याने राहायला आलात? सुरुवात इथून करा

घर बदललं की पहिल्या पंधरा दिवसांतच पाण्याचा स्वभाव कळतो. अंघोळीला साबण घासून घासून हात दुखतात, पण फेस काही येत नाही. काचेचे पेले स्वच्छ धुऊन पालथे घातले, तरी वाळल्यावर त्यांच्यावर पांढरे ठिपके दिसतात. केटलीच्या तळाशी रांगोळी सांडल्यासारखा थर बसतो. केस राठ होतात, टॉवेल कडक होतो, आणि महिन्याभरात नळाची धार सरळ पडायची सोडून चारी बाजूंना उडायला लागते. ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची आहेत, ती म्हणजे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' म्हणायचे, म्हणजे ज्याला फेस येत नाही ते. शब्द पुस्तकी असला तरी नेमका आहे.

अशा वेळी लोक घाबरून थेट मोठं यंत्र घ्यायला धावतात. माझं सांगणं उलट आहे. जड पाणी घरात सगळीकडे सारखा त्रास देत नाही. ते त्रास देतं तीन ठिकाणी: जिथे तापतं, जिथे वाळतं आणि जिथे साबणाला भेटतं. टाकीत, पाइपमधल्या गार पाण्यात किंवा फ्लशमध्ये ते बहुतेक वेळा निमूट असतं. म्हणून पूर्ण घराचं पाणी बदलण्याआधी या तीन जागा नीट सांभाळायला शिका. बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी यंत्राचा भाग शेवटी आहे.

पाणी जड का होतं

पावसाचं पाणी मूळचं मऊच असतं. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडी किंवा डोलोमाइटच्या खडकातून झिरपलं की त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून बरोबर घेतं. खडकात जिप्सम असेल तर सल्फेटही येतात. म्हणूनच खोल कूपनलिकेचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा बहुधा जड असतं. चुनखडीच्या गुहांमध्ये छतावरून लोंबणारे दगडी सुळके तयार होतात ते याच रसायनाने. गुहेत त्याला हजारो वर्षं लागतात, केटलीत आपण पाणी उकळतो म्हणून महिन्यात होतं.

जडपणा दोन प्रकारचा असतो आणि हा फरक पुढे कामाला येतो. बायकार्बोनेटमुळे येणारा जडपणा तात्पुरता. पाणी उकळलं की कॅल्शियम कार्बोनेट पांढरा साका होऊन खाली बसतं आणि वरचं पाणी बरंच मऊ होतं. सल्फेट आणि क्लोराइडमुळे येणारा जडपणा कायमचा, तो उकळून जात नाही. तात्पुरत्या जडपणावर मोठ्या प्रमाणात उपाय काढला तो स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी. पाण्यात मोजून चुना घालायचा आणि क्षार साक्याच्या रूपात खाली बसवायचे, या पद्धतीचं पेटंट त्यांनी १८४१ मध्ये घेतलं. चुन्याने झालेला त्रास चुन्यानेच काढायचा, ही कल्पना मला आजही फार आवडते. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत हे तत्त्व अजून वापरात आहे. घरी मात्र हा प्रयोग करू नका. चुन्याचं माप थोडं जरी चुकलं तरी पाणी वापरण्याजोगं राहत नाही.

पहिली पायरी: मोजा

अंदाजावर एकही वस्तू विकत घेऊ नका. आधी आकडा हातात हवा.

सगळ्यात सोपी चाचणी बाटलीची. एकसारख्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत डिस्टिल्ड किंवा थेट आकाशातून भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी, दोन्ही एक तृतीयांश भरेपर्यंत घाला. दोन्हींत खऱ्या साबणाचे पाच-सहा थेंब टाकून जोरात हलवा. मऊ पाण्यात दाट फेस येऊन टिकतो आणि खालचं पाणी नितळ राहतं. जड पाण्यात फेस जेमतेम येतो आणि पाणी दुधाळ दिसतं. 'खऱ्या साबणाचे' असं मुद्दाम म्हटलं. भांडी घासायचं लिक्विड किंवा शाम्पू साबण नसतो, तो जड पाण्यातही फेसाळतो आणि चाचणी फसते.

बाटलीवरून जड की मऊ ते कळतं, किती जड ते कळत नाही. त्यासाठी चाचणीच्या पट्ट्या मिळतात, पण माझा भरवसा थेंबांच्या किटवर आहे. छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं आणि त्यात दर्शक टाकायचा, की पाणी द्राक्षाच्या रसासारखं लालसर होतं. मग दुसऱ्या कुपीतून ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणाऱ्या रसायनाचं द्रावण थेंब-थेंब सोडायचं आणि दर थेंबाला नळी हलवायची. बराच वेळ काहीच घडत नाही. मग लाल रंगात जांभळी झाक येते. इथे हात आवरा, थेंब सोडून थांबा, हलवा, पाहा. एका थेंबाला जांभळा रंग जाऊन स्वच्छ निळा होतो. किती थेंब लागले त्याला माहितीपत्रकातल्या आकड्याने गुणलं की जडपणा मिळतो. प्रयोगशाळेतली पद्धतही मुळात हीच, ती १९४०च्या दशकात स्विस रसायनशास्त्रज्ञ गेरोल्ड श्वार्झनबाख यांनी रुजवली. पहिल्यांदा करताना दोनदा करा. दोन्ही आकडे जवळपास आले तर हात बसला म्हणायचं.

आकडा लिटरला किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, असा येतो. ६० पर्यंत मऊ, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० जड आणि १८०च्या वर फार जड, अशी वर्गवारी सर्रास वापरली जाते. यंत्रांच्या पुस्तिकांत वेगळी मापं भेटतात, तेव्हा गोंधळू नका. पीपीएम म्हणजे इथे मिलिग्रॅम प्रतिलिटरच. एक जर्मन अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम, एक फ्रेंच अंश म्हणजे १० आणि एक ग्रेन प्रतिगॅलन म्हणजे १७.१.

आता टीडीएस मीटरबद्दल, कारण याच्यावरून सर्वाधिक गैरसमज होतात. पेनासारखा तो मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. टीडीएस भरपूर असूनही पाणी मऊ असू शकतं. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवल्यावर टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि लोक 'यंत्र चालत नाही' म्हणून तक्रार करतात. यंत्र चालत असतं, मोजायचं साधन चुकलेलं असतं.

घरी येऊन पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडणारे विक्रेतेही भेटतील. पाणी क्षणात तपकिरी होतं, वर गाळ तरंगतो, आणि 'हे तुम्ही पिता' असं सांगितलं जातं. आमच्याही घरी हा प्रयोग झाला होता आणि घरातली मोठी माणसं दोन दिवस पाणी प्यायला कचरत होती. तो गाळ बहुतांशी त्या लोखंडी सळ्यांमधून सुटलेल्या लोखंडाचा असतो. शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज कमी वाहते आणि ते नितळ राहतं. माणसांच्या काळजीवर असा धंदा करणं मला अजिबात पटत नाही, म्हणून भेटेल त्याला सांगतो.

दुसरी पायरी: पिण्याची धास्ती सोडा

जड पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागणारीच द्रव्यं आहेत. प्रश्न असतो चवीचा आणि थराचा. जडपणा साधारण २००च्या पुढे गेला की थर बसायला लागतो. उलट १००च्या आतलं पाणी पाइपचा धातू खाऊ शकतं.

मुतखड्याचं विचाराल, तर नुसत्या जड पाण्याने तो होतो असं ठामपणे दिसून आलेलं नाही. पाणी कमी पिणं हे मात्र त्याचं मोठं कारण आहे. चव आवडत नाही म्हणून घरातलं कोणी पाणीच कमी पीत असेल, तर त्याकडे आधी लक्ष द्या. ज्यांना खडे होऊन गेलेत त्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावं.

कूपनलिकेच्या पाण्याची मात्र जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या. जडपणाशी याचा संबंध नाही, पण पाणी तपासायला घेतलंच आहे तर हे वगळू नका.

तिसरी पायरी: जिथे पाणी तापतं

बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. पाणी तापलं की ते बाहेर पडतं आणि सर्वांत तापलेल्या जागी चिकटतं, म्हणजे नेमकं कॉइलवर. थर उष्णता अडवतो, कॉइल जास्त तापते, वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते. साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर हे फार वेगाने होतं.

केटलीपासून सुरुवात करा, कारण तिथे हात बसतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा आणि ते केटलीत ओता. थरावर लगेच बारीक बुडबुडे सुटतात. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे थर विरघळतोय. वीस-तीस मिनिटं तसंच राहू द्या. बुडबुडे थांबले आणि थर उरला असेल तर आम्ल संपलं, नवं द्रावण करा. पाणी उकळू नका. उकळत्या पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा वेगळाच पांढरा साका बसतो आणि तो काढणं आणखी अवघड. उकळत्या पाण्यात पूड टाकली तर फेस उसळून अंगावर येतो तो वेगळाच. शेवटी दोनदा धुवा, एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. हे महिन्यातून एकदा केलं तर अर्ध्या तासाचं काम. वर्षाने केलं तर खपल्या खरवडाव्या लागतात, आणि खरवडल्याने पडलेल्या ओरखड्यांत पुढचा थर आणखी घट्ट धरतो.

गीझरकडे कान द्या. पाणी तापताना आतून तडतड किंवा गडगड असा आवाज येत असेल, तर तळाच्या खपल्यांखाली वाफेचे बुडबुडे अडकून फुटताहेत. फार जड पाणी असेल तर वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. हे काम वीज तोडून, जाणत्या माणसाकडूनच. त्याच वेळी दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. एक, टाकीतली मॅग्नेशियमची सळई, जी टाकीऐवजी स्वतः गंजते. ती झिजून बारीक झाली असेल तर बदला. दुसरी, सेफ्टी व्हॉल्व्ह. क्षारांनी तो जाम झाला तर आतला दाब सुटायला वाट राहत नाही. या एका गोष्टीत चालढकल करू नका, गीझर फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

तापमानाचं म्हणाल तर, पाणी लगेच तापवून देणाऱ्या छोट्या गीझरचं तापमान अंघोळीपुरतंच ठेवा, थर कमी होईल. मोठ्या टाकीत पाणी दिवसभर साठून राहत असेल तर मात्र ६० अंशांच्या खाली आणू नका, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो. तिथे थर परवडला.

वाफेच्या इस्त्रीला पुस्तिकेत सांगितलेलंच पाणी घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त पाणी, दुसरं काहीही नाही.

चौथी पायरी: जिथे पाणी वाळतं

थेंब वाळतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे वाळण्याआधी थेंब पुसला तर डाग पडायला काही उरतच नाही. अंघोळ झाल्यावर काचेवरून आणि टाइल्सवरून रबरी वायपर फिरवायला अर्धं मिनिट लागतं. बाथरूमच्या हुकाला एक कोरडं फडकं कायम टांगून ठेवा आणि निघताना नळावरून फिरवा. बाजारातल्या कोणत्याही फवाऱ्यापेक्षा हे फडकं जास्त काम करतं. पेले आणि स्टीलची भांडीही हवेवर वाळवण्याऐवजी पुसून ठेवा.

नळाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. धार वाकडी झाली की ती आठ-दहा आटे फिरवून काढा. घट्ट बसली असेल तर पक्कड थेट लावू नका, मध्ये कापड धरा. आधी सिंकचं भोक झाका, कारण आतली वायसर आणि चाळण्या निसटतात. कोणता भाग कशावर होता त्याचा फोटो काढून ठेवा. जाळीच्या छिद्रांत पांढरे कण आणि वाळूचे दाणे अडकलेले दिसतील. वाटीभर व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, उजेडाकडे धरून पाहा. सगळ्या छिद्रांतून उजेड आला की परत बसवा. धार पुन्हा एकसंध, काचेच्या कांडीसारखी पडते तेव्हा मला दर वेळी तितकंच बरं वाटतं. शॉवरचंही असंच. रबरी टोकं असतील तर आधी अंगठ्याने नुसती चोळून बघा, अर्ध्या खपल्या तिथेच गळतात.

नळावर बसलेल्या जुन्या थराला व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू गुंडाळा. पंधरा-वीस मिनिटं, जास्तीत जास्त अर्धा तास. मग धुवा, पुसा आणि गरज असेल तर पुन्हा करा. मी पहिल्या घरात अधीर होऊन टिश्यू रात्रभर ठेवला होता. सकाळी थर गेला होता, पण त्याबरोबर नळाची चकाकीही गेली होती. क्रोमचा मुलामा जिथे बारीक तडकलेला होता तिथे आम्ल आत शिरलं आणि करडा पट्टा उमटला, तो शेवटपर्यंत राहिला. काळ्या, सोनेरी किंवा मॅट मुलाम्याच्या नळांना तर आम्ल लावूच नका. कोमट पाणी आणि साधं फडकं, बस्स.

संगमरवर आणि चुनखडीचे इतर दगड यांच्यापासून लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक, सगळंच लांब ठेवा. डाग आणि दगड दोन्ही एकाच पदार्थाचे असल्यामुळे आम्ल डागाबरोबर दगडही खातं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही आम्ल सोसत नाही. बाथरूम धुवायचं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल थर झटक्यात काढतं खरं, पण टाइल्समधलं सिमेंट, नळाचा मुलामा आणि स्टील, सगळ्यांची वाट लावतं आणि त्याची वाफ छातीला बाधते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोणतंही आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

काचेवरचे फार जुने डाग आम्लानेही जात नसतील तर काचच खरबरीत झालेली असते. तिथे घासत बसू नका.

पाचवी पायरी: जिथे पाणी साबणाला भेटतं

साबण पाण्यात गेला की त्यातलं मेदाम्ल कॅल्शियमशी जोडलं जातं आणि न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला राखाडी रेघ धरते ती हीच. अंगावर, केसांवर, कपड्यांवरही तोच बसतो. आधी पाण्यातलं कॅल्शियम साबण खाऊन टाकतं, उरलेल्या साबणाचा फेस होतो. म्हणून साबण जास्त लागतो.

उपाय साधा आहे. अंगाला साबणाऐवजी साबणविरहित वडी किंवा बॉडीवॉश वापरा. त्यांतले घटक कॅल्शियमला अडत नाहीत. केसांसाठी आठवड्यातून एकदा ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू पुरे, रोज लावला तर केस कोरडे पडतील. शेवटच्या धुण्याला लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून केसांवर ओतलं, तरी राठपणा बराच कमी होतो. डोळे सांभाळा.

त्वचेचा विषय जरा थांबून सांगतो, कारण पालक याच काळजीने विचारतात. जड पाण्याच्या भागांत लहान मुलांत इसब जास्त आढळतो, असं काही पाहण्यांत दिसलं आहे. पण इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर एक नीट आखलेला प्रयोग झाला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरात सॉफ्टनर बसवून त्या मुलांना त्यापलीकडे फायदा झाला नाही. तेव्हा फक्त मुलाच्या इसबासाठी म्हणून सॉफ्टनर घेऊ नका. सौम्य, साबणविरहित अंघोळ आणि लगेच अंगाला लावलेलं मॉइश्चरायझर यांवर भर द्या.

कपड्यांसाठी डिटर्जंटच्या पाकिटामागचा तक्ता वाचा. जडपणानुसार किती पावडर घालायची ते अनेक पाकिटांवर लिहिलेलं असतं, आणि आता तुमच्याकडे आकडा आहे. डिटर्जंटमध्ये झिओलाइट, सायट्रेट यांसारखे कॅल्शियम बांधून ठेवणारे घटक असतात, म्हणून त्यात साका होत नाही. हाताने धुताना पावडरीआधी थोडा धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवला की कॅल्शियम आधीच खाली बसतं आणि पावडर वाचते. लोकरी आणि रेशमी कपड्यांना मात्र सोडा वर्ज्य. टॉवेल कडक झाले असतील तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला. ब्लीच वापरलेल्या पाण्यात घालू नका, हे वर सांगितलंच.

भांडी धुण्याच्या यंत्रात बहुधा आतच छोटा सॉफ्टनर असतो. त्यात जडपणाचा आकडा भरा आणि त्याच्यासाठीचं जाड मीठ घाला. स्वयंपाकाच्या मिठात ते सुटं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते आत साचतात.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. चहावर तेलकट दिसणारी साय धरते ती तेलाची नसते. चहातली द्रव्यं आणि कॅल्शियम कार्बोनेट मिळून ती होते, लिंबाचे दोन थेंब टाकले की जाते. कडधान्यं शिजता शिजत नाहीत, कारण कॅल्शियम त्यांच्या सालीतलं पेक्टिन घट्ट बांधतं. उकळून, गार करून, वरचं नितळ घेतलेलं पाणी भिजवायला आणि शिजवायला वापरा. खायचा सोडा चिमूटभरच, जास्त झाला तर ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

कुंडीतल्या झाडांची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या, तर जड पाण्याने माती अल्कधर्मी होऊन झाडाला लोह मिळत नसावं. जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला.

सहावी पायरी: यंत्र घ्यायचं का?

आधी काय उपयोगाचं नाही ते सांगतो. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जडपणा काढत नाही. उलट ती बायकार्बोनेटचं सल्फेट करते, म्हणजे उकळून गेला असता तो जडपणा कायमचा होतो. क्लोरीन आणि यूव्ही दिवा जंतूंसाठी आहेत. कोळशाचा फिल्टर वास आणि क्लोरीन काढतो. पाइपला बांधायची लोहचुंबकं पाण्यातला जडपणा काढत नाहीत, थर कमी होतो का याचेही निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. मी पैसे घालणार नाही.

आरओ क्षार खरंच काढतो, पण दर लिटर शुद्ध पाण्यामागे काही लिटर पाणी बाहेर टाकतो, आणि फार जड पाण्याने त्याचं पटल लवकर चोंदतं. चव अगदीच सोसत नसेल किंवा दुसरा दोष असेल तर पिण्यापुरता घ्या. बाहेर पडणारं पाणी फरशीला आणि फ्लशला वापरा. झाडांना नको, ते मूळ पाण्याहून जड असतं.

फक्त वॉशिंग मशीन किंवा गीझर वाचवायचा असेल, तर त्याच्या नळीवर बसणारा पॉलिफॉस्फेटचा छोटा फिल्टर मिळतो. तो कॅल्शियम काढत नाही, त्याला चिकटू देत नाही. पाणी फार तापलं की त्याचा जोर कमी होतो, हे लक्षात असू द्या.

आकडा २०० ते ३००च्या आसपास असेल तर वरच्या पायऱ्यांवर वर्षभर काढून बघा. ४००-५००च्या पुढे असेल, कॉइल वारंवार जळत असेल, तर सॉफ्टनरचा विचार करा. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून ते धुवायचे, की पुन्हा तयार.

आकार ठरवताना विक्रेत्यावर सोडू नका, स्वतः हिशेब करा. घरात रोज ५०० लिटर पाणी लागतं आणि जडपणा ३०० आहे असं धरा. म्हणजे रोज १५० ग्रॅम जडपणा काढायचा. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम पकडतं. १५ लिटर रेझिन असेल तर ७५० ग्रॅम, म्हणजे पाच दिवस. दर पाच दिवसांनी साधारण दोन किलो मीठ. एवढं मीठ आणण्याची, भरण्याची आणि ते खारट पाणी गटारात सोडण्याची तयारी आहे का, ते आधी ठरवा. पाण्यात लोह असेल तर ते आधी काढावं लागतं, नाहीतर मणी लालसर होऊन निकामी होतात.

जोडणी करताना स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ आणि झाडांचा नळ सॉफ्टनरच्या आधी घ्या. ३०० जडपणाचं पाणी पूर्ण मऊ केलं तर त्यात लिटरमागे जवळपास १४० मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. ज्यांना मीठ कमी करायला सांगितलं आहे त्यांच्यासाठी आणि बाळाचं दूध कालवायला हे पाणी नको. बायपास व्हॉल्व्हही मागून घ्या, यंत्र बिघडलं तर घराचं पाणी अडत नाही. मऊ पाण्याने पहिले काही दिवस अंग साबण न निघाल्यासारखं गुळगुळीत लागेल. बहुतेक वेळा साबण निघालेला असतो. मात्रा निम्म्यावर आणा, डिटर्जंटचीही.

त्यानंतर दर आठवड्याला सॉफ्टनरनंतरच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन साबणाचे सहा थेंब टाका. फेस बसायला लागला की मीठ संपलंय किंवा मणी थकलेत. पावसाळ्याआधी आणि नंतर थेंबांच्या किटने मूळ पाणीही पुन्हा मोजा. भूजल भरलं की आकडा बदलतो, आणि पाणीपुरवठ्याचा स्रोत बदलला तर एका रात्रीत बदलतो. नवा आकडा आला की यंत्रातली जडपणाची सेटिंग त्याच दिवशी बदलून टाका.